खुली संहिता आणि तिचे राखणदार

शाळेच्या या स्मृतिव्याख्यान पुस्तिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला दिले. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने एखाद्या संतकवीवर लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असणार. मी मात्र संकेतस्थळे घडविणाऱ्या मंडळींच्या एका सामुदायिक उद्योगाविषयी लिहिणार आहे. हा माझ्या अधिकाराचा प्रांत नव्हे. म्हणून या धाडसाचा खुलासा प्रथम केला पाहिजे.

1990 नंतरची काही वर्षे मी सीमाभागातील मराठी बोलीचे शब्द जमवीत होतो. बाजारात, शेतावर, जात्यापाशी ऐकलेले काही हजार शब्द चिठ्ठ्यांवर उतरविले आणि पुढे देवनागरी लेखनाच्या एका विकत घेतलेल्या आज्ञावलीत टंकलिखित केले. त्या आज्ञावलीत कोणत्या अक्षराला कोणता अंक द्यायचा, हा संकेत कंपनीचा खाजगी होता. काही वर्षांनी कंपनी बंद पडली. नवा संगणक आणला, तेव्हा पडद्यावर माझ्या शब्दांच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसू लागला. मूळ चिठ्ठ्या तोवर वाळवीने खाल्ल्या होत्या.

संकेतस्थळे तयार करण्याचा व्यवसाय करणारा माझा एक माजी विद्यार्थी त्या वेळी मदतीस आला. जुन्या खाजगी संकेतातील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी आज्ञावली कोणा अनोळखी माणसाने लिहून सर्वांसाठी खुली ठेवली होती, ती त्याने मिळविली. तिच्यात ‘ळ’ आणि काही जोडाक्षरे चुकत होती. त्याने दोन रात्री बसून ती दुरुस्त केली आणि माझे शब्द परत आले. मी आभार मानू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “सर, अजून काम संपलेलं नाही. ही दुरुस्ती मूळ लेखकाकडे परत पाठवायला हवी. पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल.” या एका वाक्याने माझे कुतूहल चाळवले.

संगणकाची आज्ञावली माणसे लिहितात, तेव्हा ती वाचता येण्याजोग्या मजकुराच्या रूपात असते. या मजकुराला सोर्स कोड म्हणतात. आपण त्यास मूळ संहिता म्हणू. बहुतेक कंपन्या ही संहिता गुप्त ठेवून केवळ तिचे यंत्राला कळणारे रूप विकतात. याविरुद्ध अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये भूमिका मांडली, की आज्ञावली वापरण्याचा, तिची संहिता अभ्यासण्याचा, ती बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार वापरणाऱ्यास असला पाहिजे. या अधिकारांना कायद्याचा आधार देणारा परवाना त्यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केला. ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग 1998 मध्ये रूढ झाला. मराठीत त्यास मुक्तस्रोत म्हणतात.

तथापि परवान्याने केवळ परवानगी मिळते. समुदाय त्यातून आपोआप निर्माण होत नाही. तो कसा घडतो, हे समजण्यासाठी अपाची सर्व्हरचे उदाहरण सर्वांत बोलके आहे.

आपण संकेतस्थळाचा पत्ता टाकतो, तेव्हा दूरच्या संगणकावरील एक आज्ञावली आपली मागणी ऐकून पान पाठविते. तिला वेब सर्व्हर म्हणतात. 1990 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी असा एक सर्व्हर लिहिला आणि तो लोकप्रिय झाला. 1994 च्या मध्यास मॅककूल यांनी ते केंद्र सोडले आणि त्याची वाढ खुंटली. संकेतस्थळे चालविणाऱ्यांचे काम मात्र थांबणे शक्य नव्हते. सॅन फ्रान्सिस्को येथे हॉटवायर्ड या संकेतस्थळाचे काम पाहणारे ब्रायन बेहलेनडॉर्फ यांच्यासारखे अनेक जण आपापल्या गरजेपुरत्या दुरुस्त्या करीत होते. एकाने सोडविलेली अडचण दुसरा पुन्हा मुळापासून सोडवीत बसे.

फेब्रुवारी 1995 च्या अखेरीस यांपैकी आठ जण पत्रव्यवहाराने एकत्र आले. त्यांत एचटीटीपी या संकेताच्या रचनाकारांपैकी एक असलेले रॉय फील्डिंगही होते. सर्वांनी आपल्या दुरुस्त्या एकत्र केल्या, एकमेकांच्या तपासल्या आणि एप्रिल 1995 मध्ये नव्या सर्व्हरची पहिली जाहीर आवृत्ती काढली. पुढे रॉबर्ट थाऊ यांनी त्याची अंतर्गत रचना नव्याने बांधली आणि 1 डिसेंबर 1995 रोजी 1.0 ही आवृत्ती आली. ‘अपाची’ हे नाव अमेरिकेतील मूलनिवासी लोकांविषयीच्या आदराने घेतले, असे बेहलेनडॉर्फ यांनी सांगितले आहे. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘ठिगळांचा’ अशा अर्थाच्या शब्दाजवळ जातो, आणि ही कोटी अधिक प्रसिद्ध झाली. 1996 मध्ये हा सर्व्हर जगात सर्वाधिक वापरला जाऊ लागला आणि ते स्थान त्याने दीर्घकाळ राखले. आज त्याचा एकछत्री अंमल राहिलेला नाही, परंतु त्याने घालून दिलेली कार्यपद्धती टिकून आहे.

ती पद्धती अशी. ज्याला दोष आढळेल त्याने तो कळवावा, शक्य असल्यास दुरुस्ती लिहून द्यावी. ती इतरांनी वाचावी आणि मत द्यावे. अनुकूल मत ‘अधिक एक’, प्रतिकूल मत ‘उणे एक’. आरंभीच्या नियमानुसार संहितेतील बदलास किमान तीन अनुकूल मते लागत आणि एकही नकार चालत नसे; पण नकार देणाऱ्याने सबळ कारण सांगितलेच पाहिजे, असे बंधन होते. सातत्याने चांगले काम करणाऱ्यास पुढे संहितेत स्वतः बदल करण्याचा अधिकार मिळे. येथे पदवी, पगार किंवा देश विचारला जात नाही. केलेले काम पाहिले जाते. 1998 मध्ये आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीने हा सर्व्हर स्वीकारला, आणि 1999 मध्ये या कामासाठी अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

मराठीच्या अभ्यासकाला हे वाचताना एकनाथ महाराजांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकलकारांच्या हातून अपपाठ शिरले होते. त्यांची शुद्धी नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, पूर्ण केली. यापुढे कोणीही आपली ओवी त्यात घालू नये, असेही त्यांनी बजावले. नकलकाराने केलेला बदल निनावी असतो. तो कोणी केला, केव्हा केला, कशासाठी केला, हे शोधण्यात पाठचिकित्सकाचे आयुष्य जाते. मुक्तस्रोत समुदायांनी नेमकी हीच नोंद अनिवार्य केली. लिनस टॉरवल्ड्स यांनी 2005 मध्ये लिहिलेल्या गिट या प्रणालीत प्रत्येक ओळीच्या बदलापुढे करणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण यांची नोंद राहते. नाथांनी संहिता बंद करून राखली. हे लोक ती उघडी ठेवून राखतात. दोन्ही मार्गांत राखणदार मात्र लागतोच.

आणि प्रश्न येथेच उभा राहतो. राखणदाराचे पोट कसे भरावे, आणि तो थकला तर काय करावे? बँकेचे व्यवहार गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीत एप्रिल 2014 मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. तो दोन वर्षे कोणाच्या ध्यानात आला नव्हता. जगभरच्या कंपन्या जिच्यावर विसंबून होत्या, त्या संहितेची निगा मूठभर माणसे तुटपुंज्या देणग्यांवर राखीत होती, हे तेव्हा लोकांना कळले.

मार्च 2024 मधील प्रसंग याहून बोधप्रद आहे. एक्सझेड नावाच्या साधनाचा भार एकट्या थकलेल्या माणसावर होता. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ खरोखर उपयुक्त काम करून विश्वास संपादन केला, अधिकार मिळविले आणि मग त्या साधनात चोरवाट पेरली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. त्याने ती क्षुल्लक बाब सोडून दिली नाही. मागोवा घेत चोरवाट शोधली आणि जगाला सावध केले. संहिता खुली होती म्हणून तो शोध घेऊ शकला, हे खरे. पण संहिता खुली असणे म्हणजे ती कोणी वाचलेली असणे नव्हे, हेही तितकेच खरे. ग्रंथालयाचे दार उघडे असले, तरी पुस्तक कोणी तरी हातात घ्यावेच लागते.

आपल्या भाषेचा या साऱ्याशी थेट संबंध आहे. फायरफॉक्स मराठीतून वापरता येतो तो स्वयंसेवकांनी केलेल्या अनुवादामुळे. मराठी विकिपीडिया 2003 मध्ये सुरू झाला, आणि तो ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तीही मुक्तस्रोत आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेली ‘मुक्त’ ही अक्षरमालिका कोणालाही विनामूल्य वापरता येते. यांतील अनेक कामांत संगणकशास्त्राइतकीच चोख मराठीची गरज असते. एखाद्या सूचनेचा अनुवाद बेंगरूळ झाला असेल तर तो सुधारणे, ‘र’चे जोडाक्षर चुकीचे उमटत असेल तर ते नेमके कळविणे, हे नववीच्या विद्यार्थ्यालाही जमण्याजोगे काम आहे. सीमाभागातील आपण मराठीच्या हक्काविषयी पुष्कळ बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण त्याबरोबर हेही काम कोणी तरी करावयास हवे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही पुस्तिका निघते, त्या गुरुजींची व्याकरणाची टाचणे चक्रमुद्रित होऊन पंचक्रोशीतील शिक्षकांत फिरत. समासात दुरुस्त्या लिहून ती परत येत, आणि पुढच्या वर्षीच्या प्रतीत दुरुस्ती सुचविणाऱ्याचे नाव गुरुजी आवर्जून छापीत. माझेही नाव एकदा आले होते, एका प्रयोगाच्या उदाहरणापाशी. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. तो कागद अजून माझ्यापाशी आहे.

माझ्या शब्दसंग्रहाची फाइल शाळेच्या ग्रंथालयास दिली आहे. ती युनिकोडमध्ये आहे, म्हणजे कोणत्याही संगणकावर उघडेल, आणि तिच्यावर कोणाचीही मालकी नाही. तीत चुका असणार. विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांना विचारून त्या सुधाराव्यात, आणि सुधारणा करणाऱ्याने आपले नाव तेथे अवश्य लिहावे.