दोऱ्याची घडी आणि सिकलसेल

जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आजार आढळतो. साखरशेतसारख्या गावात शिकवणाऱ्या शिक्षकांनी तो ओळखायला हवा. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले, की मुलाला हा आजार होतो. पण ते जनुक तर मुलाजवळ गर्भात असल्यापासूनच असते. मग पहिले काही महिने बाळाला त्रास का होत नाही?

याचे उत्तर डीएनएच्या घडीत आहे. एका पेशीतील डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो. सूक्ष्म पेशीकेंद्रकात तो घड्या घालूनच मावतो. या घड्या कोणते जनुक चालू राहील हेही ठरवतात.

वर्गात करून पाहा. २ मीटर दोऱ्याच्या एका टोकाला गाठ मारा. थोड्या अंतरावर हिरवा मणी आणि त्याच्या पुढे लाल मणी ओवा. गाठ म्हणजे बटण. हिरवा मणी गर्भातल्या हिमोग्लोबिनचे जनुक, लाल मणी मोठेपणच्या. दोरा वाकवून गाठ ज्या मण्याला टेकवाल, ते जनुक चालू!

तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत, ११व्या गुणसूत्रावर असेच घडते. बटण आणि 'लाल' जनुक यांत सुमारे ५० हजार अक्षरांचे अंतर आहे. तरी घडीमुळे ती जवळ येतात. उंदरांमध्ये हे २००२ साली दिसून आले.

सिकलसेलचा दोष फक्त लाल मण्यात, तोही एका अक्षराचा. जन्मानंतर काही महिन्यांत बटण हिरव्याकडून लालकडे वळते आणि दुखणे सुरू होते. हिरव्या जनुकाला गप्प करणारे एक प्रथिन आहे, बीसीएल११ए. रुग्णाच्याच मूळपेशींत त्याची निर्मिती रोखणाऱ्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने प्रथम मान्यता दिली. सदोष अक्षर तसेच राहते. हिरवे जनुक मात्र पुन्हा जागे होते. हा उपचार अतिशय महाग आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे जुने, स्वस्त औषधही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

त्यासाठी आजार आधी कळायला हवा. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची रक्ततपासणी योजली आहे. हातपाय दुखतात म्हणून वारंवार घरी राहणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्यापूर्वी ही तपासणी झाली आहे का, ते विचारा.