माएबूरचा सोमवार

पहाटे ४:४५

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर नोव्हेंबरात लवकर उजाडतं. तोंतों माझ्या आधी धक्क्यावर हजर आहेत. तोंतों म्हणजे काका. क्रिओल बोलीत कोणाही वडीलधाऱ्याला अशीच हाक मारतात. त्यांची होडी, पिरोग, निमुळती आणि उथळ बुडाची आहे. तिला मशीन आहे, पण किनाऱ्याजवळ ते बांबूनेच ती ढकलत नेतात, कारण पाणी कंबरभर आणि खाली प्रवाळ. ‘तळ आपला आहे, त्याला खरवडायचं नाही,’ ते म्हणतात.

खूप दूरवर एक पांढरी रेघ दिसते. तिथे प्रवाळाच्या बांधावर महासागर फुटतो आणि त्याची घरघर इथपर्यंत पोचते. बांधाच्या आत मात्र पाणी तळ्यासारखं. मी दाभोळच्या खाडीकाठी वाढले, गढूळ पाण्यावरून खोली ओळखायला शिकले. इथे चार हात खालची काळी समुद्रकाकडी सरळ दिसते आणि नजरेला आपलंच काही चुकतंय असं वाटत राहतं.

तोंतों एकेक सापळा वर घेतात. विणलेल्या पिंजऱ्यासारखा हा कासिये, आत आमिष म्हणून शेवाळ. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात चार कॉर्डोन्ये. तिसऱ्यात एक कापितेन आणि बोटाएवढी तीन पिल्लं, ती लगेच पाण्यात परत. सहा सापळ्यांत मिळून दोन घरांचं कालवण होईल एवढी मासळी. ते समाधानाने मान हलवतात.

६:३०

परतताना समोर लायन माउंटन, बसलेल्या सिंहासारखा. उपसागराच्या पलीकडच्या अंगाला, आजच्या व्ह्यू ग्रां पोरजवळ, १५९८ मध्ये डच उतरले आणि आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या, नावावरून त्यांनी बेटाला नाव दिलं. डच १७१० मध्ये गेले, मागोमाग फ्रेंच आले. मग एवढं जुनं बंदर का निजलं? तोंतों हाताने वारा दाखवतात. वर्षातला बहुतेक काळ वारा आग्नेयेकडून, म्हणजे समुद्रावरून थेट तोंडावर येतो. शिडाचं जहाज आत सहज यायचं, बाहेर काढताना मात्र खलाशांचा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून फ्रेंचांनी वायव्येचं पोर्ट लुई निवडलं आणि गव्हर्नर माहे द ला बूर्दोनेने तिथे राजधानी वसवली. त्याचं नाव मात्र या गावाला मिळालं. गाव वसलं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, सरळ आखलेल्या रस्त्यांचं. १८६५ मध्ये रेल्वे आली आणि शंभर वर्षं भरायच्या आत गेलीही. विमानतळ इथून अगदी जवळ आहे, तरी उतरलेले बहुतेक पाहुणे गाडीत बसून दुसऱ्या किनाऱ्यांकडे निघून जातात. मला त्यांचं वाईट वाटतं.

७:३०

सोमवार हा माएबूरच्या बाजाराचा दिवस. बसस्टँडजवळ कापडाच्या, चपलांच्या, भांड्यांच्या ताडपत्र्या, आत भाजी. तोंतोंच्या बायकोचं भाजीचं दुकान दुसऱ्या ओळीत आहे. त्यांना मी मावशी म्हणते, त्या मला ‘मो तिफी’, माझी पोरगी. त्यांचे पूर्वज कोकणातून आले एवढं घरात माहीत आहे, गाव कोणतं ते नाही. घरात क्रिओल, बाजारात थोडं भोजपुरी आणि शाळेत शिकलेलं मराठी, जे त्या प्रत्येक शब्द तोलून बोलतात.

मी जुड्या बांधायला बसते आणि भाज्यांची नावं विचारते. कोथिंबिरीला इथे कोतोमिली, तमिळातून आलेलं. दोडका तो पिपेंगाय, तोही तमिळच. भेंडी म्हणजे लालो, कारलं म्हणजे मार्गोज. शेवग्याचा पाला ‘ब्रेद मुरुम’ म्हणून गठ्ठ्यांनी विकला जातो. मावशी गिऱ्हाइकाला सांगतात, डाळीत टाका. आमच्याकडे तो पाला गोकुळाष्टमीला आठवतो, इथे तो रोजचा.

नऊच्या सुमारास लिचीवाला येतो, हंगामातली पहिली लाल घोसांची टोपली घेऊन, आणि अर्धा बाजार तिकडे वळतो. मावशी तेवढ्यात आमच्या दोघींसाठी गातो पिमां आणतात. ही डाळीची मिरचीवाली भजी, आपल्या डाळवड्याची धाकटी बहीण, पण इथे ती लोणी लावलेल्या पावात दाबून खातात. वर आलुदा, फालुद्याचंच नाव जरासं बदललेलं, सब्जा तसाच. दाम रुपयांतच. इतक्या दूर येऊनही मी एकदाही नोट उलटसुलट करून पाहिली नाही.

११:१५

गिऱ्हाईक ओसरलं. मावशीने भाचीला दुकानावर बसवलं आणि आम्ही ला शो नदीवरचा कॅव्हेंडिश पूल ओलांडून व्हिल न्वारला आलो. इथे रो कुटुंबाचा बिस्किटांचा कारखाना आहे, १८७० पासूनचा. बिस्किटं कसाव्याची, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोच हा.

या जागी मला दिवसभर बसता आलं असतं. कंद सोलून किसतात, कीस दाबून पाणी काढतात, चाळतात, आणि तो ओलसर भुगा चौकोनी साच्यांतून तव्यावर थापतात. मैदा नाही. तव्यासमोरच्या बाईचे हात एवढ्या सवयीचे की ती माझ्याकडे बघून बोलते आणि बिस्किटं मात्र वेळेवर उलटतात. नारळाचं, बडीशेपेचं, चॉकलेटचं. तव्याखाली जाळ कशाचा? उसाच्या वाळल्या पात्यांचा. मूठभर सारायची, भडका, पुन्हा मूठभर. लाकडाची आच सावकाश धरते, ही चटकन चढते आणि चटकन उतरते, म्हणून हात सतत चालता ठेवावा लागतो.

मी ती पाती हातात घेते. उसाच्याच पायी या बेटावर माणसं आणली गेली. आधी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पण त्याच्या तीन महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलास’ जहाजातून हिंदुस्थानातले पहिले करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरलेही होते. पुढच्या काही दशकांत जवळपास पाच लाख आले. त्यातले काही मुंबई बंदरातून, रत्नागिरीकडचे, मावशीच्या पणज्यासारखे. २ नोव्हेंबरला इथे सुट्टी असते. ती होऊन दोन आठवडेही झालेले नाहीत.

१:१५

माएबूरच्या संग्रहालयात धावती फेरी. हे जुनं फ्रेंच घर. ऑगस्ट १८१० मध्ये समोरच्या उपसागरात इंग्रज आणि फ्रेंच आरमार भिडलं. फ्रेंच जिंकले, पॅरिसच्या आर्क द त्रियोंफवर तो विजय कोरलेला आहे. डिसेंबरात बेट इंग्रजांनी घेतलं ते घेतलंच. जखमी झालेले दोन्ही बाजूंचे सेनानी, विलबी आणि द्युपेरे, याच घरात उपचार घेत होते. तोफांपेक्षा मला हे जास्त लक्षात राहिलं. बुडालेल्या ‘सें जेराँ’ जहाजाची घंटा मात्र थांबून पाहिली.

३:००

धक्क्यावर मुलं पोहतायत. तोंतों नवा सापळा विणायला बसलेत. मी विचारायची थांबले होते, त्यांनीच सुरुवात केली.

२५ जुलै २०२० च्या रात्री वाकाशिओ नावाचं मालवाहू जहाज इथून जवळच, प्वांत देस्नीच्या प्रवाळावर चढलं. बारा दिवस सगळे किनाऱ्यावरून ते बघत राहिले. ६ ऑगस्टला टाकी फुटली आणि सुमारे हजार टन तेल पाण्यात आलं. आधी वास आला, तोंतों सांगतात, मग खारफुटीची मुळं काळी झाली.

त्यापुढचं मावशी सांगतात, कारण ते काम त्यांच्याही हातचं होतं. कोणी सांगायची वाट न बघता माणसं याच धक्क्यावर जमली. शिंपिणींनी कापडाच्या लांब नळ्या शिवल्या, शेतांतून उसाची वाळली पाती ट्रकांनी आली, ती नळ्यांत ठासली आणि तरंगायला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या. बोटी त्या ओढत नेऊन तेलाभोवती लावत होत्या. पाती तेल शोषून घेतात. बाजारातली, चर्चमधली, देवळातली, शाळेतली माणसं एका रांगेत. समोरच्या इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर दुर्मीळ झाडं आणि गुलाबी कबुतरं राखली आहेत. १९९० च्या आसपास ही कबुतरं रानात जेमतेम दहा उरली होती. तिथल्या रोपवाटिकेतली रोपंही तेव्हा घाईने हलवली गेली. १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले.

कित्येक महिने मासेमारी बंद राहिली. ‘सापळे अंगणात होते,’ तोंतों म्हणतात. ‘रोज बघायचो.’ मग विणकामाची गाठ दातांनी ओढतात.

मावशी आपले तळवे दाखवतात. पात्यांच्या कडांनी हात चिरले होते, आता काही खूण नाही. पण त्यांना ती जागा नेमकी आठवते, अंगठ्याच्या मुळाशी.

६:१५

दिवस मावळतो आहे. दुकान आवरलं, उरलेला शेवग्याचा पाला शेजारणीला दिला. घरी ओट्यावर मावशी बाजाराचा हिशेब लिहितात, आकडे फ्रेंच पद्धतीने. कापितेन कढईत आहे. वहीचं शेवटचं पान उघडून त्या विचारतात, ‘लापाय कान’ला मराठीत काय म्हणतात? उसाची ती वाळली पाती? शाळेच्या पुस्तकात कमळ होतं, मोर होता, हे नव्हतं.

‘पाचट,’ मी सांगते.

त्या तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघतात, मग देवनागरीत सावकाश लिहितात आणि मधेच पेन थांबवतात.

‘हा च चमच्यातला की चाकातला?’

‘चाकातला.’