पालावरच्या लेकरांचा दाखला



आज पालावरच्या आपल्या बहिणींविषयी बोलू. पारधी, कैकाडी, वैदू, मसणजोगी बाया आपल्याला बाजारात, यात्रेत भेटतात. सुया-पोत घेताना आपण त्यांच्याशी बोलतो, पण गावात चोरी झाली की संशयाचं बोट पहिल्यांदा त्यांच्याच पालाकडे जातं. असं का होतं?

त्याचं मूळ जुन्या कायद्यात आहे. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला. गुन्हा एकाने केला तर शिक्षा एकाला, हा साधा न्याय. या कायद्याने मात्र अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवलं. पोलिसांत नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण शेजारचं सोलापूर इंग्रजांकडे. तिथे तारेच्या कुंपणात या कुटुंबांची वसाहत केली. ‘सेटलमेंट’ हे नाव सोलापुरात आजही चालतं. देश 1947 ला स्वतंत्र झाला, पण या माणसांची सुटका झाली 31 ऑगस्ट 1952 रोजी. म्हणून हा दिवस ‘विमुक्त दिन’ मानतात.

कायदा गेला, अडचण राहिली. ती आता कागदाची आहे. जातीचा दाखला हवा तर विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यांच्यासाठी तारीख 6 सप्टेंबर 1950. आता सांगा, ज्या आजोबांना शेत नव्हतं, घर नव्हतं, शाळा नव्हती, त्यांची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, आणि पुष्कळदा पोरीची शाळा तिथेच सुटते.

आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला, 1993 साली भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी प्रकल्प सुरू झाला. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उभा केला. निवासी शाळाच का? कारण आईबाप पोटामागे फिरतात. मूल त्यांच्याबरोबर निघालं की वर्ग बुडतो. राहायची सोय झाली की पाल हललं तरी शाळा हलत नाही. पुढे वस्तीवर जाऊन शिकवणाऱ्या ‘पालावरच्या शाळा’ही सुरू झाल्या.

पण सगळंच संस्थांवर सोडून चालणार नाही. आपल्या बचत गटाला काय करता येईल?

पहिलं, बाळंतपण झालं की बाळाची जन्मनोंद लगेच करून घ्यायची. आजची नोंद हाच उद्याचा पुरावा. दुसरं, शाळेत नाव घालताना जात नीट लिहिली का ते बघायचं. तिथली चूक पुढे फार छळते. तिसरं, घरातल्या कुणाची जातपडताळणी झाली असेल, तर ते प्रमाणपत्र जपून ठेवायला सांगायचं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात त्याचा मोठा आधार होतो. आणि जुने कागद नसतीलच, तर तहसीलात जाऊन स्थानिक चौकशीसाठी अर्ज द्यायचा. अशा वेळी तिच्याबरोबर आपल्यातली एखादी गेली, तर टेबलावरचा माणूसही नीट बोलतो.

शेवटचं काम बिनपैशाचं आहे. चोरटी जात, हा शब्द आपल्या घरात कुणाच्याही तोंडून निघू द्यायचा नाही. सरकारने तो शिक्का 1952 ला पुसला. आपल्या तोंडून तो अजून पुसायचा आहे.