स्वच्छ आणि निर्जंतुक

'स्वच्छ' व 'निर्जंतुक' हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने योजले जातात. रुग्णालयात मात्र त्यांतील अंतर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

त्वचा ही शरीराची पहिली तटबंदी होय. शस्त्रक्रियेत ती छेदली जाते आणि हत्यार एरवी जंतुरहित असणाऱ्या स्नायूंपर्यंत व रक्तापर्यंत पोचते. म्हणून ते डोळ्यांस स्वच्छ दिसणे पुरेसे नसते.

हत्यारे शुद्ध करणारा कर्मचारी प्रथम ती धुतो. कारण कात्रीच्या सांध्यात रक्त वाळून राहिल्यास त्याखालील जंतूंपर्यंत वाफ पोचत नाही. उकळत्या पाण्याने बहुतेक जंतू मरतात. परंतु धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू टणक कवचामुळे तग धरू शकतात. त्यांच्या नाशासाठी दाबाखालील वाफ लागते. पाश्चर यांचे सहकारी शांबरलाँ यांनी १८७९ मध्ये त्यासाठी 'ऑटोक्लेव्ह' हे यंत्र सिद्ध केले. त्यात दर चौरस इंचास सुमारे १५ पौंड जादा दाब दिला की वाफेचे उष्णतामान १२१ अंश सेल्सिअस होते. वेष्टनात बांधलेली हत्यारे त्या वाफेत ठरलेला वेळ ठेवतात. पुढे वेष्टन भिजले वा फाटले, तर सारे श्रम व्यर्थ जातात.

वर्गात हे तत्त्व समजावताना शिक्षकांनी प्रेशर कुकरचे उदाहरण घ्यावे. नुसत्या पुसलेल्या पात्याने नाळ कापल्यास नवजात बालक धनुर्वाताने दगावू शकते, हेही अवश्य सांगावे. शाळेत ऐकलेली ही गोष्ट मुले घरी सांगतील, तर एखादे बालक वाचेल.