विमान रेडिओचा आकडा का बदलते?

शेतावरून विमान गेले की आम्ही सगळे वर पाहतो. आभाळात रस्ता नाही, मग विमाने धडकत कशी नाहीत? मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते लिहितो.

विमानतळाच्या मनोऱ्यातला नियंत्रक वैमानिकाशी रेडिओवर बोलतो. आपल्या एफएम रेडिओचे आकडे १०८ ला संपतात. वैमानिकांचे बोलणे ११८ च्या पुढे असते, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही.

२७ एप्रिल २०१७ ला नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले. नांदेड मुंबईच्या हवाई विभागात येते, हैदराबाद चेन्नईच्या. म्हणून वाटेत नियंत्रक बदलतो अन् आकडाही बदलतो. नियंत्रक नवा आकडा सांगतो. वैमानिक तो पुन्हा म्हणून दाखवतो. चुकला तर तिथेच कळते.

पण लहान विमान नियंत्रकाच्या हद्दीबाहेर गेले तर? नियंत्रक आकडा बदलायची परवानगी देतो. पुढे वैमानिकाने स्वतः चहूकडे पाहायचे. त्या भागातल्या विमानांच्या आकड्यावर "मी इथे आहे, इतक्या उंचीवर आहे" असे सांगायचे. जुन्याच आकड्यावर राहिला तर जवळच्या विमानाला त्याचे बोलणे कळणारच नाही.

नांदेडच्या चौकात पोलीस असतो. आमच्या गावच्या वळणावर कोणीच नसते. परवा तिथे एका मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवला नाही. आमची बैलगाडी थोडक्यात वाचली. गाडीत आजोबा होते. मी लई भ्यालो.

पाहणारा कोणी नसला की आपणच सांगावे लागते. म्हणून पालकांनो, वळणावर हॉर्न वाजवत जा.

— इयत्ता चौथी