पुढे काय झाले ते सांगू नका!

वाचनालयातून मोठ्या हौसेने रहस्यकथा आणावी, घरी येऊन पहिले पान उघडावे, आणि तिथे कुणीतरी पेन्सिलीने ठसठशीत लिहून ठेवलेले असावे : 'खुनी डॉक्टर आहे.' या प्रसंगातून गेला नाही असा मराठी वाचक विरळाच. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी कितीतरी घरांना वाचनाची चटक लावली. पण वाचनालयातल्या त्या पेन्सिलवाल्याचा माग झुंजारलाही लागला नसता. काही महाभाग तर त्याच्याही वरताण असत. ते मुद्दाम भलत्याचेच नाव लिहीत. मग त्याखाली तिसरा कुणी 'साफ खोटे' असा शेरा मारी. वाचक बिचारा कथेतला गुन्हेगार शोधायचे सोडून या दोघांपैकी खरा कोण याचाच तपास करीत बसे.

आता पेन्सिलीची जागा मोबाइलने घेतली आहे. शुक्रवारी सकाळच्या खेळाला शहरातला प्रेक्षक चित्रगृहातून बाहेर पडतो आणि जेवणवेळेच्या आत चित्रपटाचा शेवट गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांत येऊन पडतो. इंग्रजीत याला 'स्पॉयलर' म्हणतात. आपण रहस्यभेद म्हणू. विषय किरकोळ वाटेल. एखाद्या सिनेमाचा शेवट आधी कळला म्हणून असे कोणते आभाळ कोसळते, असे कुणी विचारील. आभाळ कोसळत नाही, हे खरे. पण तक्रार कोण करतो आणि रहस्य फोडतो कोण, हे जरा निरखून पाहिले तर त्यात एक जुनाच अन्याय दिसतो. ज्याला आधी मिळते तो बोलतो, आणि ज्याला उशिरा मिळते त्याचे मुकाट्याने हरवते.

बुलढाणा जिल्ह्यातले धाड हे गाव घ्या. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवर, विदर्भ संपता संपता लागणारे. पलीकडे जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका. एकेकाळी ही नुसती जिल्ह्याची हद्द नव्हती. अलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड आणि पलीकडे, 1948 पर्यंत, निजामाचे राज्य. राज्ये गेली, पण चित्रपट वितरणाच्या धंद्याने ती हद्द जिवंत ठेवली! या धंद्याच्या नकाशावर विदर्भ मोडतो 'सी. पी. बेरार' विभागात, अमरावती आणि भुसावळ ही त्याची जुनी ठाणी. मराठवाडा मात्र 'निजाम' विभागात. हक्क वेगळे, वितरक वेगळे, रिळांच्या पेट्यांचा प्रवासही वेगळा. म्हणजे एकच चित्रपट ओढ्याच्या एका अंगाला आधी आणि दुसऱ्या अंगाला महिन्या-दोन महिन्यांनी यावा, अशी सगळी तजवीज.

त्यातही प्रिंटा मोजक्या. मुंबई-पुणे-नागपूर झाले की जिल्ह्याचे गाव, मग तालुका, मग जत्रेतला तंबू. तोवर रिळांवर ओरखडे उठलेले, मधले एखादे गाणे कापले गेलेले. अशा गावात पुण्याला शिकणारा थोरला भाऊ दिवाळीला येई, तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांबरोबर तीन-चार चित्रपटांचे शेवटही असत. "दादा, सांगू नको हं!" असे धाकटी ओरडत राही, आणि दादा पहिल्याच जेवणाला, वरणाची वाटी पुढे करता करता, सांगून मोकळा होई. त्यात दुष्टावा नसे. जरा मोठेपणा मात्र असे.

पुढे 2005 नंतर उपग्रहावरून चित्रपट पोचू लागले, रिळांच्या पेट्या इतिहासजमा झाल्या. अंतर मिटले असे आपल्याला वाटले. पण चित्रगृहापर्यंतचा एस.टी.चा प्रवास, तिकिटाचे पैसे, सोयाबीनच्या काढणीतून मिळणारी फुरसत, ही अंतरे उपग्रहाने कशी मिटावीत? बातमी मात्र क्षणात पोचते. पूर्वी चित्रपट उशिरा यायचा तसा त्याचा बोभाटाही उशिरा यायचा. आता बोभाटा आधी आणि चित्रपट नंतर.

भाषेचेही असेच. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' 1964 साली आला, आणि त्याच कथेवरचा राज खोसला यांचा 'मेरा साया' 1966 साली. म्हणजे दोन वर्षे मराठी प्रेक्षकाच्या खिशात हिंदी प्रेक्षकाचे रहस्य होते. पुढे पारडे फिरले. 'दृश्यम्' मल्याळममध्ये 2013 साली आला. निशिकांत कामत यांनी तो 2015 साली हिंदीत आणला, तोवर केरळात ती कथा घरोघरी ठाऊक झालेली होती. कुणाचा तरी शेवट नेहमीच कुणाच्या तरी हाती असतो.

याची जाण जुन्या धंदेवाईक मंडळींना आपल्यापेक्षा अधिक होती, असे मला वाटते. चित्रगृहाबाहेर गाण्यांची चोपडी मिळे ती आठवा. तीत कथासार छापलेले असे. नायिका संकटात सापडेपर्यंत सगळे सविस्तर, आणि ऐन मोक्यावर : पुढचे रुपेरी पडद्यावर पाहा! लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप' हे नाटक 25 नोव्हेंबर 1952 रोजी सुरू झाले. करोनाच्या साथीमुळे मार्च 2020 मध्ये त्याचे प्रयोग थांबले, 2021 मध्ये पुन्हा सुरू झाले. प्रयोग संपला की रंगमंचावरूनच प्रेक्षकांना विनंती केली जाते, की खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका. त्यांच्याच कथेवरच्या 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' या 1957 च्या चित्रपटातही अखेरीस अशीच सूचना आहे. विनंती कुणाला, तर ज्याने पाहिले त्याला. ज्याने पाहिले नाही त्याने कान झाकून हिंडावे, असे कुणी म्हणत नाही. हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण आपल्या गटांत नेमके उलटे चालते. "तू अजून पाहिला नाहीस? मग गटात आलास कशाला?"

यावर जाणते लोक हरकत घेतील की, आपल्या परंपरेला हे शेवटाचे सोवळे कधी ठाऊकच नव्हते. कीर्तनाला बसलेल्या आजीला रावण मरणार हे ठाऊक असते. जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेड राजा याच बुलढाणा जिल्ह्यातले. इथल्या पोराला प्रतापगडावर काय घडले ते सांगावे लागत नाही. तरी शाहीर वाघनखांपाशी आला की त्याच्या अंगावर काटा येतोच. कॅलिफोर्नियातल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली असा प्रयोगच केला. वाचकांना काही लघुकथांचा शेवट आधीच सांगून टाकला, तर त्यांची गोडी कमी न होता उलट थोडी वाढलेलीच दिसली. पुढे 2015 साली जॉन्सन आणि रोझेनबॉम यांच्या अभ्यासात मात्र शेवट कळलेल्या कथा वाचकांना फिक्या वाटल्या. तेव्हा शास्त्राचाही निकाल एकमुखी नाही.

पण कीर्तनाचा दाखला इथे लागू पडत नाही. रामकथा सगळ्यांचीच, ती एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, असा प्रकार नाही. शिवाय कथेत रंगलेल्या आजीच्या कानाशी लागून बुवांची पुढची वाक्ये कुणी आधीच पुटपुटू लागला, तर आजी त्याला गप्प बसवील. आणि ज्याला शेवट वाचूनच कादंबरी सुरू करायची आहे, त्याने खुशाल शेवटचे पान उघडावे. कितीतरी जण उघडतात. पान त्याने स्वतः उलटले. दुसऱ्याने ते त्याच्या तोंडासमोर धरले नाही.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी आला. त्याचा शेवट मी इथे सांगणार नाही. दहा वर्षे होत आली तरी नाही. शेवट न फोडताही तो बिघडवता येतो, हे मात्र त्या वेळी दिसले. "गाणी ठीक आहेत, पण शेवट बघ, मग बोल," एवढेच सांगितले की झाले! ऐकणारा मग गाण्यांवर ठेका धरायचा सोडून घड्याळ बघत बसतो. "धक्का आहे" हे सांगणेही निम्मे रहस्य सांगणेच आहे. आम्ही काहीच फोडले नाही म्हणणारे पुष्कळसे याच जातीचे असतात.

मग बोलायचेच नाही का? तसे केले तर कलेची चर्चाच मरेल. ज्यांनी पाहिले त्यांनाही बोलायचा हक्क आहे, आणि एका माणसासाठी साऱ्या गटाने वर्षभर मौन पाळावे हा हट्ट झाला. माझ्यापुरता हिशेब साधा आहे. मालिकेचा भाग असेल तर दुसऱ्या दिवशीचे पुनःप्रक्षेपण होईपर्यंत थांबावे. 2016 साली 'रात्रीस खेळ चाले' रंगात आली होती, तेव्हा रात्रपाळीवरून येणाऱ्याला सकाळी चहाबरोबर निदान एवढी सवलत मिळायला हवी होती. वाहिन्या स्वतःच जाहिरातीत पुढचे दाखवून टाकतात, त्यांच्यापुढे इलाज नाही. चित्रपट असेल तर तो घरच्या पडद्यावर येईपर्यंत थांबावे. त्याआधी बोलायचेच तर ज्यांनी पाहिला त्यांचा वेगळा गट करावा. नाहीतर वर ठळक इशारा लिहून, चार ओळी मोकळ्या सोडून मग मजकूर लिहावा. पुस्तकाला मात्र मुदत नाही. वाचनालयातली प्रत पुढच्या वर्षी कोणाच्या हाती पडेल, कुणी सांगावे?

एका प्रश्नाला मात्र लगेच आणि सरळ उत्तर द्यावे. तो प्रश्न आईचा असतो : "लहान मुलांना घेऊन जाऊ का?" 'सैराट'च्या वेळी गाण्यांवर नाचणाऱ्या पोरांना घेऊन कितीतरी कुटुंबे गेली होती. तिथे रहस्य जपायच्या नावाखाली मूग गिळून बसू नये. "मुलांना नको, वहिनी. तुम्ही दोघे आधी पाहून या," इतके म्हणावे. वहिनींनी "का हो, काय आहे त्यात?" असे विचारले, तर विषय बदलून सोयाबीनच्या भावावर यावे.