सांगणारा आणि विकणारा

हांव ही कांहीं आजची नव्हे. ययातीनें पुत्राचें तारुण्य उसनें घेऊन सहस्र वर्षें सुखोपभोग घेतले, आणि अखेरीस भोगानें तृप्ति होत नाहीं अशी खात्री पटल्यावर तें तारुण्य ज्याचें त्यास परत केलें, ही कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे. तेव्हां दारांत रोज नवीं खोकीं येऊन पडतात, न उघडलेलीं पुडकीं कपाटांत साचतात आणि महिनाअखेर हप्त्यांची तोंडमिळवणी होत नाहीं, एवढ्यावरून "ही पिढीच उधळी" असा निकाल देऊन मोकळें होणें वडील मंडळींस शोभणारें नाहीं. मनुष्याचें मन होतें तसेंच आहे. मनाभोंवतीं जें कुंपण होतें तें मात्र नाहींसें होत चाललें आहे. तें कुंपण कोणतें होतें व तें कसें निघालें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

त्यासाठीं वाचकांस प्रथम सातपुड्यांत नेतों. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत काठी नांवाचें गांव आहे. हें पूर्वीचें एक लहानसें संस्थान. येथील राजवाडी होळी साऱ्या सातपुड्यांत प्रसिद्ध असून, रात्रभर ढोलाच्या तालावर नृत्य चालतें व पहांटे उंच बांबूची होळी पेटविली जाते. होळीपूर्वीं त्या मुलखांत भोंगऱ्या बाजार भरतात व डोंगरांतील आदिवासी कुटुंबें सणाची खरेदी तेथें करतात. हौस तेथेंही आहे, आणि ती असावीच. परंतु त्या हौसेस मर्यादा आहेत. बाजाराचा दिवस ठरलेला असतो. तेथवर वाट तुडवीत जावें लागतें. गांठीस जेवढे पैसे असतील तेवढ्यांतच भागवावें लागतें. आणि दिवस कलला कीं बाजार उठतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ढोल वाजविणारा निराळा आणि बांगड्या विकणारा निराळा. ढोल कांहीं बांगडीवाल्याच्या मालकीचा नसतो! सातपुड्यांतील दारिद्र्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं, आणि मोबाईल आतां डोंगरांतही पोंचला आहे. परंतु मोह आणि खरेदी यांच्यामध्यें थोडें अंतर असलें म्हणजे मनुष्य सांवरतो, एवढें या बाजारावरून ध्यानांत यावें.

मनोविकारशास्त्र काय सांगतें तें आतां पाहूं. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यानें विसाव्या शतकाच्या आरंभींच खरेदीच्या वेडाचें वर्णन 'ओनिओमेनिया' या नांवानें केलें होतें. या विकारांत वस्तूची गरज ही खरेदीचें कारण नसतेच. मन बेचैन होतें, कांहीं घेतलें कीं घटकाभर हायसें वाटतें, मागाहून अपराधी वाटूं लागतें, मग वस्तु लपविली जाते, आणि तें लपविणेंच पुनः बेचैनीस कारण होतें. आनंद वस्तूच्या वापरांत नसून ती येणार या अपेक्षेंत असतो. म्हणूनच पुडकें न उघडतां पडून राहतें. अमेरिकेंत २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा ५.८ जणांत हीं लक्षणें आढळलीं. स्त्रियांत हें प्रमाण ६ टक्के, तर पुरुषांत ५.५ टक्के. "बायकांच्या हातीं पैसा ठरत नाहीं" असें म्हणणाऱ्या पुरुषमंडळींनीं हे आंकडे जरूर लक्षांत ठेवावे.

जे विकारग्रस्त नाहींत त्यांचें मनही फारसें बळकट असतें असें नाहीं. २००१ सालीं ड्रेझन प्रेलेक व डंकन सिमेस्टर या दोन अमेरिकन प्राध्यापकांनीं खेळाच्या सामन्याचीं तिकिटें विद्यार्थ्यांपुढें लिलावास ठेविलीं. कांहींनीं रोख पैसे द्यावयाचे होते, कांहींनीं क्रेडिट कार्डानें. कार्डवाल्यांनीं लाविलेली बोली सरासरीनें रोखवाल्यांच्या सुमारें दुप्पट निघाली. नोटा मोजतांना हाताला होणारी जाणीव हें एक कुंपणच होतें, आणि कार्डानें तें काढून टाकलें. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे कबुतरांवरील प्रयोगही प्रसिद्ध आहेत. दाणा केव्हां पडेल याचा नेम नसला, म्हणजे कबुतर अधिकच चिवटपणें चोंच मारीत राहतें. मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवीत, पुढें कांहीं मौजेचें निघेल या आशेनें तासन्‌तास बसणारा मनुष्य या कबुतराहून फार निराळा नसतो.

येथें मालकीचा प्रश्न उपस्थित होतो. मोह आणि खरेदी यांतील अंतर कमी करण्यांत ज्याचा लाभ आहे, त्याच्याच हातीं आपली करमणूक आणि आपली वार्ता गेली तर काय होईल?

ही शंका नवी नाहीं. स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगानें १९५४ च्या आपल्या अहवालांत तिचा विचार केला होता. मोठ्या भांडवलाचीं पत्रें जाहिरातींच्या उत्पन्नावर पुष्कळ पानें थोडक्या किंमतींत देतात व त्यामुळें लहान पत्रें मरतात, असें दिसून आल्यावरून पानांची संख्या व किंमत यांचें प्रमाण सरकारनें ठरवून द्यावें, अशी सूचना पुढें आली. त्याप्रमाणें १९५६ सालीं कायदा झाला व १९६० सालीं त्याखालीं हुकूम निघाला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेलें तें पुण्याचें 'सकाळ'! नानासाहेब परुळेकर यांनीं १ जानेवारी १९३२ रोजीं सुरू केलेलें हें पत्र त्या वेळीं सात नव्या पैशांस मिळत असे, आणि रविवार वगळतां आठवड्याचीं ३४ पानें देत असे. नव्या हुकुमानें त्या किंमतींत २४ च पानें देतां आलीं असतीं. २५ सप्टेंबर १९६१ रोजीं न्यायालयानें हा कायदा घटनाबाह्य ठरविला. न्यायमूर्ति जे. आर. मुधोळकर यांनीं लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा कीं, मक्तेदारीस आळा घालण्याच्या हेतूनेंसुद्धां सरकारला वृत्तपत्राचीं पानें, जाहिराती वा खप यांवर घाला घालतां येणार नाहीं. कारण तो भाषणस्वातंत्र्यावरच घाला होय.

निकाल योग्यच होता. सरकारच्या हातीं पानांचें माप देणें केव्हांही धोक्याचें. परंतु त्याच खटल्यांत नमूद झालेली एक बाब वाचकांनीं विसरूं नये. त्या काळींही 'सकाळ'ची सुमारें ४० टक्के जागा जाहिरातींस जात होती. म्हणजे वाचकाचे सात पैसे पुरेसे नव्हते; उरलेला भार विकणारा सोशीत होता. स्वस्त वार्तेची किंमत दुसरा कोणी तरी भरीत असतो, आणि जो भरतो त्याचेंही कांहीं अपेक्षित असतें. तथापि तेव्हां विकणारे शेंकडों होते, छापणारा निराळा होता, आणि जाहिरात वाचून वस्तु आणण्यास लक्ष्मी रोडपर्यंत चालत जावें लागे.

आज ही फारकत झपाट्यानें मिटत आहे. रिलायन्सच्या बाजूची वायकॉम १८ व डिस्नेची स्टार इंडिया यांच्या विलीनीकरणास २८ ऑगस्ट २०२४ रोजीं स्पर्धा आयोगानें संमति दिली आणि १४ नोव्हेंबर २०२४ रोजीं तो व्यवहार पुरा झाला. या संयुक्त कंपनीचें मोल ७०,३५२ कोटी रुपये धरण्यांत आलें. संध्याकाळीं आपल्या माजघरांत चालणाऱ्या मराठी वाहिन्यांपैकीं कलर्स मराठी ही एका पक्षाची होती, तर स्टार प्रवाह ही दुसऱ्याची. एका सहीनें प्रतिस्पर्धी एका पंक्तीस आले. कांहीं वाहिन्या विकाव्या लागतील, अशी अट घालणें आयोगालाही आवश्यक वाटलें. याच रिलायन्स समूहाकडे मोबाईलची सेवा आहे, किराणा-कापडाचीं दुकानें आहेत आणि घरबसल्या माल पोंचविण्याचा व्यापारही आहे. परदेशांतही हेंच. फेसबुकनें २०१२ सालीं इन्स्टाग्राम व २०१४ सालीं व्हॉट्सॲप विकत घेतलें, आणि त्या कंपनीचें जवळजवळ सारें उत्पन्न जाहिरातींचें आहे. ॲमेझॉन दुकानही चालवितें आणि चित्रपट-मालिकाही दाखवितें. तिच्या संस्थापकानें २०१३ सालीं 'वॉशिंग्टन पोस्ट' हें दैनिकही २५ कोटी डॉलर्सना घेतलें.

यांत कोणीं कायदा मोडला असें माझें म्हणणें नाहीं. म्हणणें एवढेंच कीं, ढोल आणि बांगड्या आतां एकाच्या हातीं येऊं लागल्या आहेत. गोष्ट सांगणारा, ती घरांत आणणारी तार, गोष्टींतल्या नायिकेची साडी विकणारें दुकान आणि त्या साडीसाठीं हप्ता बांधून देणारा सावकार, हे चौघे जितके जवळ येतात तितका विचार करण्यास मिळणारा वेळ आटतो. प्रेक्षक किती वेळ काय पाहतो याची नोंद ठेवणारा आणि तो कोणत्या क्षणीं मोहास बळी पडेल हें जाणणारा एकच असतो. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांस मनाई केली. 'शेवटचे दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई करणें, टोपलींत नकळत वस्तु भरणें, नको म्हणणाऱ्यास लाजविणें, वर्गणी सुरू करणें सोपें व बंद करणें कठीण ठेवणें, ह्या त्यांपैकीं कांहीं. यादी वाचली म्हणजे, आपलें मन दुबळें नसून त्याच्याविरुद्ध एक शास्त्रच राबत आहे, हें कळतें.

मग गृहस्थानें काय करावें? जुन्या एकत्र कुटुंबांत खरेदी चार जणांच्या नजरेखालून जात असे. महिन्याची यादी होई, वाण्याची वही तपासली जाई. त्यांत जाचही होता. सुनेला एका लुगड्यासाठीं तोंड उघडण्याची चोरी होती. तो जाच परत आणणें नको. परंतु त्यांतील थांबणें मात्र परत आणतां येईल. कागदावर नसलेली वस्तु तीन रात्री थांबून घ्यावी. आठवड्याचा एक बाजारवार ठरवून सर्वांनीं एकत्र बसून काय तें मागवावें, आणि या नियमांतून वडिलांनीं स्वतःस वगळूं नये. कार्डाचा क्रमांक मोबाईलमध्यें सांठवून ठेवूं नये. दर वेळीं तो लिहिण्याचा कंटाळा हेंही एक कुंपण आहे. ज्याला खरोखरच व्यसन जडलें असेल त्यास बोल लावूं नयेत. वर्तनोपचारानें या विकारांत गुण येतो, आणि २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सल्लासेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

शेवटचें कर्तव्य वाचक या नात्याचें. जें वाचावयाचें त्यासाठीं आपल्या पदरचे पैसे द्यावे, म्हणजे सांगणारा थोडा तरी आपला राहील. वृत्तपत्रें दर वर्षीं मार्चच्या आरंभीं आपल्या मालकीचें निवेदन एका कोपऱ्यांत बारीक अक्षरांत छापीत आलीं आहेत. तें कात्रण मुलांकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. शुभंकरोति म्हणणाऱ्या मुलाला, पडद्यावर कांहीं लागलें कीं दोन प्रश्न विचारण्याचीही संवय असावी: ही गोष्ट कोण सांगतो आहे, आणि त्याचें दुकान कोठें आहे?